राइस मिलच्या गेटचे चार डोळे

न दिसणारा उजेड मी पहिल्यांदा पाहिला तो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. नवरा एसटीत कंडक्टर, देवरीच्या गाडीवर. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला त्याने कॅमेऱ्याचा फोन घेतला आणि पहिले आठ दिवस दिसेल त्याचा फोटो काढत सुटला. डेपो, डबा, शेजाऱ्याची शेळी. माझं गोंदियात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. एका दुपारी मी टेबलावर रिमोट उघडून बसले होते आणि तो समोर उभा राहून माझे फोटो काढत होता. मी वैतागून रिमोट त्याच्याकडे रोखला आणि बटण दाबलं.

"अवं, दिवा लागून राहिला," तो म्हणाला.

"कशाचा दिवा?"

"तुह्या रिमोटाचा. जांभळा आहे."

मी रिमोट पाहिला. काही नव्हतं. फोन हातात घेऊन त्यातून पाहिलं, तर रिमोटच्या टोकाचा काचेचा मणी खरंच जांभळट-पांढरा लुकलुकत होता. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले, तेव्हा इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण हे वहीत लिहून घेतलं होतं. पुढे दहा वर्षं रोज रिमोट दुरुस्त केले. पण ते किरण पाहिले कधीच नव्हते. त्या दुपारी मी दुकानातले सगळे रिमोट काढले आणि एकेक करून फोनसमोर धरले. ज्यांत उजेड दिसला ते एका बाजूला, ज्यांत दिसला नाही ते दुसऱ्या बाजूला. एरवी तीन दिवस खाणारं काम अर्ध्या तासात झालं. नवऱ्याचा फोन मी त्या दिवशी परत केला नाही. पुढेही तो बहुतेक माझ्याच पिशवीत असायचा.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय गेटची गोष्ट कळायची नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता एक शेठजी दुकानात आले. दवनीवाड्याच्या रस्त्याला त्यांची राइस मिल होती. त्यांच्या घरचा टीव्ही मी दोनदा दुरुस्त केला होता, तेवढीच ओळख. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, गेट को आँख लगानी है."

मिलला त्यांनी उन्हाळ्यात नवं गेट बसवलं होतं. लोखंडी पत्र्याचं, रुळावरून सरकणारं, मोटरवर चालणारं. रिमोट दाबला की उघडायचं आणि ठरावीक सेकंदांनी आपोआप बंद व्हायचं. बसवणारे लोक बाहेरगावचे होते. गेट बसवून, मिठाई खाऊन ते निघून गेले. मध्ये कुणी उभं आहे का, हे त्या गेटला कळायची काहीच सोय त्यांनी केली नव्हती. एक दिवस एक रेजा डोक्यावर कोंड्याचं टोपलं घेऊन बाहेर निघाली. रेजा म्हणजे मिलमध्ये मजुरीवर काम करणाऱ्या बायका. टोपल्यामुळे तिला बाजूचं दिसलं नाही. गेटने तिला ढकललं, ती रुळावर पडली आणि उजवा हात मोडला.

"प्लास्टर करवा दिया मैंने," शेठजी म्हणाले. "लेकिन अब सब औरतें डरती हैं. नया धान आने को है. आप कर सकती हो क्या?"

मी असं काम जन्मात केलं नव्हतं. "करते," म्हणाले.

सामान नागपूरहून मागवलं. उघडून पाहिलं आणि मला हसू आलं. आत टीव्हीच्या रिमोटचंच भावंड होतं. एका डबीतून तो न दिसणारा उजेड निघतो, समोरच्या डबीवर पडतो. मध्ये काही आलं की उजेड तुटतो, समोरची डबी गेटला सांगते आणि बंद होत असलेलं गेट थांबून मागे सरकतं. एवढंच. मोठा रिमोट आणि मोठा टीव्ही. मी ते माहितीपत्रक दोन दिवस घेऊन बसले. पोळ्या लाटतानाही ते डब्याला टेकवून ठेवलेलं होतं.

मिलवर पहिल्या दिवशी मी स्कूटीवरून उतरले तेव्हा मिलचा मिस्त्री फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा माणूस, मिलच्या सगळ्या मोटरी त्याच्या हाताखालच्या. माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाला, "काय मॅडम, गेटावर टीव्ही लावून राहिल्या का?"

"हो. तुमचीच बातमी दाखवणार आहे," मी म्हटलं. "लेव्हलची नळी आहे का इथे?"

गवंडी भिंतीची उंची जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती. समोरासमोरच्या दोन खांबांवर डब्या अगदी एका उंचीवर हव्या होत्या, आणि त्याला त्या नळीसारखं सोपं साधन नाही. मिस्त्रीने कुरकुरत का होईना, आणून दिली. एवढंच नाही, दुसऱ्या खांबाशी नळीचं टोक धरून उभाही राहिला. नळीतलं पाणी हललं की तो मला "थांबा, थांबा" म्हणायचा, जसं काही मीच हलवत होते.

डब्यांच्या दोन जोड्या लावायच्या असं मी ठरवलं होतं. एक गुडघ्याच्या उंचीवर, माणसांसाठी. दुसरी छातीच्या उंचीवर, कारण ट्रक मध्ये उभा असला तर खालचा उजेड त्याच्या चाकांच्या मधून, पोटाखालून, आरपार निघून जातो. गेटला वाटतं वाट मोकळी आहे. वरचा मात्र ट्रकच्या अंगावर अडतो. म्हणजे एका खांबावर दोन, दुसऱ्यावर दोन. एकूण चार डोळे.

खांबांना भोकं पाडणं, तार नळीतून ओढणं, यात दुपार झाली. मग खरं काम सुरू झालं, ते डोळ्याला डोळा भिडवण्याचं. अठरा फुटांवरच्या दोन डब्या नुसत्या समोरासमोर लावून भागत नाही. उजेडाचा झोत नेमका समोरच्या भिंगाच्या मध्यावर पडायला हवा. डबीला दोन बारीक स्क्रू असतात, एक वरखाली करायला, एक डावी-उजवीकडे. मी समोरच्या डबीला मीटर जोडला आणि स्क्रू फिरवायला लागले. उजेड जितका नीट पडेल तितका आकडा वाढतो. पाव फेरी दिली, आकडा चढला. अजून पाव, अजून चढला. अजून थोडा, आणि एकदम घसरला. मागे घेतलं. मला सांगता येत नाही त्यात काय मजा होती. न दिसणारी एक दोरी दोन खांबांच्या मध्ये ताणलेली आहे आणि मी तिचं टोक सुईच्या नेढ्यात घालते आहे, तसं वाटत होतं. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की जमीन थरथरायची, आकडाही थरथरायचा. मी श्वास धरून बसायचे. शेवटी आकडा स्थिर झाला आणि डबीतला लाल ठिपका लागला, तेव्हा मी एवढ्या मोठ्याने "झालं!" म्हणाले की मिस्त्री खुर्चीवरून उठला.

तेव्हा लक्षात आलं, माझ्या मागे कुणीतरी केव्हाची उभी आहे. डावा हात खराट्यावर, उजवा प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तीच ती रेजा. हात बरा होईपर्यंत तिला अंगण झाडायचं काम दिलं होतं.

"काऊन वो बाई, हा डब्बा काय करते?" तिने विचारलं.

"पाहते."

"कोनाले?"

"तुम्हाला, मावशी. तुम्ही मधात आल्या की गेट थांबते."

"आन नाई पायलन त?"

"पाहतेच."

"तो मिस्त्री बी असाच म्हने. गेट हरूहरू चालते, म्हने. मंग माहा हात काऊन मोडला?"

मिस्त्री दुसरीकडे पाहायला लागला. मी रिमोट दाबला, गेट बंद व्हायला निघालं, आणि मी मध्ये पाय घातला. गेट थांबलं, मागे गेलं. मग टोपलं ठेवून दाखवलं. मग खराटा. गेट प्रत्येक वेळी थांबलं. बायका जमल्या, हसल्या, एकीने पायातली चप्पल काढून मध्ये फेकली. चप्पल खालच्या उजेडाखाली जमिनीवर पडली, त्यामुळे गेट थांबलं नाही आणि चप्पल रुळाशी चेपली. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"चपलेसाठी नाही हो, माणसासाठी आहे," मी म्हटलं.

मावशी मात्र गेटमधून गेली नाही. तिची एक रीत झाली होती. ट्रक आत यायला लागला की ती त्याच्या चाकाला चाक लावल्यासारखी, खेटून बाहेर पडायची, कारण ट्रक मध्ये असताना रिमोट दाबून गेट उघडं धरतात हे तिने पाहिलं होतं. बाकीच्या बायकांनीही तेच धरलं होतं. म्हणजे गेटच्या भीतीने त्या ट्रकच्या चाकाखाली जायला तयार. गेट सुधारलं होतं, पण त्यांचा भरवसा बसल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता.

आणि तिसऱ्याच दिवशी मी तो भरवसा स्वतःच घालवला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेठजींचा फोन आला. गेट उघडलं ते बंदच होत नाही. मी पोहोचेपर्यंत ते आपोआप बंद झालं होतं. सगळं तपासलं, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी चारपासूनच तिथे जाऊन बसले, पाहणाऱ्या डबीच्या शेजारी, ती पाहते तिकडेच तोंड करून. पाच वाजत आले आणि ऊन सरळ माझ्या डोळ्यांत आलं. मी हात आडवा धरला. मग माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. मी पाहणाऱ्या दोन्ही डब्या पश्चिमेकडे तोंड करून लावल्या होत्या. उतरता सूर्य थेट त्यांच्या भिंगात शिरत होता; पहिले दोन दिवस आभाळ होतं म्हणून निभावलं. त्या चकाकीत बिचाऱ्यांना समोरचा बारीक उजेड दिसणार कसा? मला दिसत नव्हतं, त्यांनाही दिसत नव्हतं. आणि दिसलं नाही की वाट अडली असं समजायचं, हा त्यांचा शहाणपणा. म्हणून गेट उघडंच राहत होतं.

पाहणाऱ्या डब्या या खांबावरून त्या खांबावर, पाठवणाऱ्या त्या खांबावरून या खांबावर. पूर्वेला मिलच्या गोदामाची उंच भिंत होती, त्यामुळे सकाळचं ऊन त्यांच्या भिंगात शिरणार नव्हतं. दुसऱ्या दिवशीची सगळी दुपार गेली, पण पाचला गेट शिस्तीत बंद झालं आणि मी इतकी खूश झाले की मिस्त्रीलाही चहा पाजला.

त्याने चहा पिऊन सांगितलं, "मॅडम, पुढच्या वेळी मले बोलवा. दोन मिनिटांत डायरेक्ट करून देतो."

डायरेक्ट करणं म्हणजे काय ते सांगते. मोटरच्या पेटीत दोन स्क्रू असतात, सेन्सरची तार तिथे येते. त्या दोन स्क्रूंमध्ये बोटभर तारेचा तुकडा टाकला की गेटला कायम वाटतं, वाट मोकळी आहे. डबे खांबावर दिसायला तसेच राहतात, पण आंधळे. मग मध्ये म्हैस असो की माणूस. आपल्याकडे काहीही बिघडलं की ते डायरेक्ट करायचं आणि ते आजच्यापुरतं म्हणून करायचं. त्या आजचा उद्या कधी येत नाही.

शेठजींनीही त्या दिवशी बजावलं. "देखो मॅडम, फिर एक बार बंद पडा ना, तो मैं निकलवा दूँगा. मेरे को सीझन में झंझट नहीं चाहिए."

मावशी तिथेच झाडत होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं.

पुढचे दोन आठवडे गेट मुकाट्याने चाललं. मी येता-जाता थांबून भिंगांवरचा कोंडा मऊ फडक्याने पुसायचे. राइस मिलच्या हवेत कोंडा असतोच, तो चुलीतल्या राखेसारखा सगळ्यावर बसतो. मावशीला मी ते पुसायला शिकवलं. "रोज सकाळी, मावशी, एकदा. तुमच्यासाठीच आहे हा डोळा." तिने मान डोलवली. पण गेटमधून ती अजून ट्रकला खेटूनच जात होती.

मग दसरा आला.

आमच्या घरी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. नवरा मुलांना घेऊन आदल्या दिवशीच नागपूरला गेला होता. मला सकाळी विहारात वंदना, दुपारी रॅलीची तयारी, म्हणून मी राहिले होते. पांढरी साडी नेसून विहारातून बाहेर पडले आणि पिशवीतला फोन वाजला.

"मॅडम, आपका गेट आज भी अंधा हो गया," शेठजी म्हणाले. "बाहर नये धान का पहला ट्रक खडा है, बारा बजे का मुहूरत है. ट्रक अंदर, गेट बंद, फिर नारियल. मिस्त्री बोलता है डायरेक्ट कर देता हूँ."

"शेठजी, मी अर्ध्या तासात येते. तोपर्यंत पेटी उघडू देऊ नका."

"आज के लिए ही बोल रहा है."

"मला माहीत आहे आज म्हणजे किती दिवस. मी निघाले."

घरी जाऊन साडी बदलायला वेळ नव्हता. स्कूटीच्या पुढे हत्यारांची पिशवी टाकली आणि निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत आलं होतं, आणि मी मनात एकेक गोष्ट तपासत होते. सूर्य नाही, सकाळ आहे. तार उंदराने खाल्ली? ट्रकने खांबाला धक्का दिला? मला भीती वाटत नव्हती असं नाही, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त उत्सुकता होती. बिघाड म्हटलं की माझं असंच होतं.

मिलवर पोहोचले तर गेट ओळखू येईना. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक. दसऱ्याला मिलच्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मोटरी, वजनकाटा, चाळण्या, ट्रक, कुणालाही सोडत नाहीत. गेट नवीन, म्हणून त्याला जरा जास्तच सजवलेलं. बाहेर धानाचा ट्रक उभा, त्यालाही हार. शेठजी नव्या झब्ब्यात, हातात नारळ. मिस्त्री मोटरच्या पेटीशी उकिडवा, पेटी उघडी, त्याच्या बोटांत तारेचा तुकडा.

"बस, लावतच होतो," तो म्हणाला.

"दहा मिनिटं," मी म्हटलं. "लावली तर शॉक देईन मी तुम्हाला."

"सणाच्या दिवशी मॅडम काय बोलून राहिल्या पहा," तो शेठजींना म्हणाला, पण हात मागे घेतला.

पाठवणाऱ्या खांबावरची माळ मी बाजूला केली आणि पाहतच राहिले. दोन्ही डब्यांवर शेंदूर. टिळा नव्हे, शेंदूर. तेलात कालवून, बोटाने थापलेला, गावाच्या शिवेवरच्या दगडाला थापतात तसा. भिंग पार बुजून गेलेलं, वर चार तांदूळ चिकटवलेले. समोरच्या खांबावर गेले. तिथेही तेच. चारही डोळे शेंदराने भरलेले.

खात्री करायला मी फोन काढला. उन्हात दिसेना म्हणून पदर डोक्यावरून पुढे ओढून फोनवर सावली केली आणि डबीवर धरला. एरवी जिथे टपोरा जांभळा ठिपका दिसायचा, तिथे शेंदराच्या आत एक मळकट डाग दिसत होता, धुक्यातल्या कंदिलासारखा. म्हणजे जिवंत होता! जळला नव्हता, तुटला नव्हता, नुसता गाडला गेला होता. मी पदराच्या आतच हसले.

"मिळालं शेठजी! पुसलं की झालं. दोन मिनिटं."

मी पिशवीतून फडकं काढलं आणि शेठजींनी हात आडवा केला.

"नहीं मॅडम. आज नहीं. दसरे के दिन पूजा का सिंदूर पोंछते हैं क्या? साल भर का धंदा है. कल पोंछना."

"आणि आज गेट?"

त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "आज के लिए डायरेक्ट."

मिस्त्री खुशीत परत पेटीकडे वळला. आता भांडण करून उपयोग नव्हता. हे शेंदूर पुसणं मला साधं काम होतं, पण माझ्या हाताने ते झालं असतं तर शेठजींनी वर्षभराचं प्रत्येक नुकसान माझ्या नावावर टाकलं असतं. आणि एकदा तार पडली की ती निघत नाही. मी वळून विचारलं, "हे लावलं कुणी?"

मग बायकांच्या घोळक्यातून मावशी पुढे आली. नवं लुगडं, प्लास्टरच्या हातालाही हळदीचं बोट लावलेलं.

"म्या लावलन," ती म्हणाली. "तुमीच त सांगतलं, हा पायते. म्हनलं, पायनाऱ्याले खूश ठेवा लागते. दगडाचा देव नाई पायत तरी त्याले लावतो आमी. हा त पायते."

"सकाळपासून पाहिलं का मग त्याने?"

"नाई न वो. सकारपासून आंधराच झाला." तिने आवाज खाली आणला. "कोपला का?"

"इकडे या, मावशी."

मी तिला डबीसमोर उभं केलं, माझ्या पांढऱ्या पदराखाली दोघींची डोकी घेतली आणि फोन तिच्या हातात दिला. आधी मी पिशवीतला टीव्हीचा रिमोट दाबून दाखवला. फोनमध्ये तो लखलखला. "अगं माय!" ती म्हणाली, मागे हटली, परत पुढे झाली. रिमोट हातात घेऊन तिने स्वतःच दाबला, एकदा फोनमधून पाहिलं, एकदा नुसत्या डोळ्याने. "इथं नाई. इथं आहे. इथं नाई." मग मी फोन शेंदरावर धरला. मळकट डाग.

"हाही तसाच उजेड टाकतो," मी म्हटलं. "पण त्याच्या डोळ्यात काय घातलंय तुम्ही?"

ती बराच वेळ पाहत राहिली. फोन, मग शेंदूर, मग फोन. मग ती स्वतःवरच चिडली.

"डोऱ्यात शेंदूर घालते का कोनी?" ती बायकांकडे वळून ओरडली. "काऊन वो, तुमी कोनी बोल्ल्या काऊन नाई मले? देवाले बी कपारावर लावते, डोऱ्यात घालते का?"

"तूच त म्हने चांगला भरून लावतो," एकजण म्हणाली. "आमाले हात नाई लावू देल्ला."

मावशीने कुणाला विचारलं नाही. शेठजींनाही नाही. डाव्या हाताने नव्या लुगड्याचा पदर धरला आणि पहिल्या डबीवरचा शेंदूर एका फटक्यात पुसला. शेठजी "अरे अरे" म्हणेपर्यंत दुसरी डबी झाली.

"म्या लावलन, म्याच काहाडतो," ती त्यांना म्हणाली. "माह्या हातचा आहे. पाप लागलं त मले लागन. तुमाले काऊन?"

जिने पूजा केली तिनेच ती हलवली. शेठजींनी नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि घड्याळ पाहिलं. बाराला आठ मिनिटं होती.

तेल भिंगावर पसरलं होतं. मी साबणाचं पाणी मागितलं, फडक्याने आधी ते, मग साधं पाणी, मग कोरडं. मावशी माझ्यामागून डबीच्या वर, खांबाच्या लोखंडावर, शेंदराचा टिळा लावत आली. कपाळावर. चार डोळे, चार टिळे. त्या घाईत माझ्या पांढऱ्या साडीला मांडीपर्यंत शेंदूर लागला. ते मी रॅलीत सगळ्यांना सांगत फिरले, कारण सगळ्यांनी विचारलंच.

झेंडूच्या माळा परत डबीवर लोंबायला लागल्या. बांधायला काही सापडेना. मी मिस्त्रीसमोर हात पसरला.

"काय?"

"ती तार द्या."

त्याने तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आन बंद पडलं त?"

"पडलं तर दुसरी आणा. तुमच्याकडे भरपूर आहेत."

त्याने दिली. मी त्या तारेने माळ खांबाच्या मागे ओढून बांधली. मीटर लावला. आकडा जवळपास पूर्वीचाच होता. वरच्या एका डबीला पुसताना धक्का लागला होता, तिला स्क्रूची पाव फेरी दिली. लाल ठिपका. दुसरा लाल ठिपका. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण हात ओले होते.

"चलाओ!" शेठजी ओरडले. ट्रक आत आला. ट्रक पूर्ण आत गेला, काट्याशी थांबला. यावेळी त्याला खेटून कुणी बाहेर पडलं नाही, सगळ्या गेटकडे पाहत उभ्या होत्या. ठरलेले सेकंद गेले आणि गेट बंद व्हायला निघालं. रुळावरून, हळू, माळांसकट.

शेठजींनी नारळ उचलला.

आणि मावशी चालायला लागली. मोडलेला हात गळ्यात, चांगल्या हाताने डोक्यावरचं रिकामं टोपलं सावरत, सरळ गेटच्या वाटेत. कुणी तिला सांगितलं नव्हतं. गेट तिच्यापासून हातभर असताना थांबलं, खटकन आवाज झाला आणि मागे सरकायला लागलं.

ती मधोमध उभी राहिली. गेट पूर्ण मागे जाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. मग बाहेर गेली, वळली, आणि गेट पुन्हा बंद व्हायला लागलं तशी पुन्हा आत आली. गेट पुन्हा थांबलं.

"पायलन!" ती बायकांना म्हणाली. "पायलन मले!"

तिच्यामागे दुसरी गेली. मग तिसरी, पळत. चौथीने पदर तोंडात धरून डोळे मिटले आणि तशीच गेली. मिस्त्री पेटीचं झाकण लावत होता. त्याने शेवटचा स्क्रू आवळला, उठला आणि कुणी पाहत नाही असं समजून स्वतःही एकदा मधून जाऊन आला.

"बस करो, बस करो!" शेठजी नारळ हातात धरून ओरडत होते. "गेट बंद होने दो! मुहूरत निकल जाएगा!"

"थांबा न शेठजी," मावशी गेटच्या मधातून म्हणाली. "एकडाव अजून."